तळ्याकडचा रस्ता मोकळा आहे

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला बसलं तर त्याची धावपळ नको. वही खाजगी आहे, कुणालाही दाखवायची नाही. ड्रॉवरला कुलूप लावलंय. किल्ली बायकोकडे दिलीय, कारण माझ्याकडून हरवते.

मोठं काम हे: आमच्या रस्ते खात्याने आपली सगळी माहिती आजपासून खुली केली. शहरभर रस्त्यांत पुरलेले सेन्सर आहेत, ते वरून गेलेल्या गाड्या मोजतात. खांबांवर यंत्रं आहेत, ती पाऊस, वारा, धुकं मोजतात. आजवर हे सगळं आमच्याच सर्व्हरमध्ये झोपा काढत होतं. आता कुणीही यावं, फुकट न्यावं, त्याचं ॲप करावं, नकाशा करावा, वाटेल ते करावं. ओपन डेटा. प्रमुख: मी.

उद्घाटनाला मोठ्या साहेबांनी एंटर दाबलं. टाळ्या. आमची प्रोग्रामरबाई म्हणाली, एंटरची गरज नव्हती, सेवा सकाळपासून चालूच आहे. हुशार मुलगी, पण सोहळा म्हणजे काय ते कळत नाही.

साहेब चहाच्या वेळी म्हणाले, सध्या प्रयोग म्हणून चालवू. लोकांनी वापरली तर कायम करू, नाही तर बंद, आणि मी परत खड्डे-तक्रार विभागात. मी नुसता हसलो. खिडकीकडच्या केबिनचं माप घेऊन ठेवलंय.

३ सप्टेंबर, सकाळी

युजर: एक. गंगोत्री लहानच असते.

३ सप्टेंबर, रात्री

युजर अजून एकच. पण काय निष्ठा. सारखा येतो, बघतो, जातो, परत येतो. जेवणाच्या सुमाराला थांबला होता, मग पुन्हा हजर. एखादी परदेशी संस्था असावी. किंवा विद्यापीठ.

संकल्प: आकडे दिवसातून एकदाच बघायचे. डोळ्यांना त्रास होतो.

५ सप्टेंबर

प्रोग्रामरबाईने शोध लावला की तो युजर मी आहे. घरून, मोबाईलवरून.

प्रमुखाने स्वतः सेवा वापरून बघणं हे त्याचं पहिलं कर्तव्य आहे. तिला तसं सांगितलं. मोजताना मला वगळायचं नाही, हेही सांगितलं. शेवटी मीही नागरिक आहे.

८ सप्टेंबर

रविवार. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मी लग्न करतेय." मी तेव्हा तळ्याकडच्या रस्त्यावरचा वारा बघत होतो. हिने माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि मुलीला पुन्हा सांगायला लावलं.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत इंजिनिअर. चांगला आहे. त्याच्या धंद्यात ट्रॅफिक नाही, सगळं वर आणि खाली. लग्न नोंदणी पद्धतीने, १९ ऑक्टोबरला, शनिवारी. कार्यालय शनिवारी दुपारपर्यंतच उघडं. मुलीचा साक्षीदार मी. सोमवारी दोघं विमानाने परगावी, त्याच्या नव्या नोकरीवर. तिथलं कंपनीचं घर लग्नाचा दाखला दाखवल्याशिवाय मिळत नाही. शनिवार चुकला तर पुढची तारीख थेट महिन्या-दीड महिन्याने.

सासूबाईंना (आमच्याकडेच असतात) काळजी लागली, वेळेवर पोचू ना. मी म्हटलं, ज्याच्या खिशात अख्ख्या शहराची वाहतूक आहे त्याच्या मुलीला उशीर होईल का?

मुलीने मला वरण वाढलं.

१५ सप्टेंबर

प्रचार मोहीम जोरात. पोस्टर छापून घेतली: 'बाहेर पडण्याआधी आम्हाला विचारा.' पेट्रोल पंपावर लावलं, बँकेच्या दारात लावलं, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लावलं. होणाऱ्या जावयाने फोन करून अत्यंत नम्रपणे कळवलं की पोस्टर दाराच्या सेन्सरवर आलंय, त्यामुळे लिफ्ट बंद पडलीय आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका आत आहेत.

काकांना निवांतपणे पोस्टर वाचायला मिळालं, हा मुद्दा कुणी लक्षात घेत नाही.

१७ सप्टेंबर

हिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकाऊ लोक म्हणजे कोरी पाटी, तिथेच सवय लावावी म्हणून आज हिच्या गाडीत मागे बसलो आणि शिकणाऱ्या बाईंना आमची साइट कशी उघडायची ते समजावून दिलं. बाईंनी आस्थेने मागे वळून पाहिलं. गाडी दुभाजकावर चढली.

हिने मला उतरवलं. कायमचं. म्हणाली, "अहो, तुमचा रस्ता फोनमध्ये आहे, माझा काचेच्या पलीकडे आहे." वाक्य बरं आहे पण त्यात तांत्रिक काही नाही.

बसने घरी आलो. बस उशिरा आली. उशीर आमच्या साइटवर बिनचूक दिसत होता. समाधान वाटलं.

२० सप्टेंबर

फील्ड व्हिजिट. तळ्याकडच्या रस्त्यावरचा खांब पाहून जीव कळवळला. पाऊस मोजायचं यंत्र बिचारं उघड्यावर. वर पक्ष्यांची घाण, धूळ, पानं. इतकं महाग यंत्र आणि डोक्यावर छप्पर नाही. ताबडतोब जाड निळं प्लास्टिक आणवलं आणि सुतळीने घट्ट बांधून घेतलं. शिडी धरणारा माणूस म्हणाला, साहेब, पाऊस आत कसा जाणार? मी म्हटलं, तेच तर.

यंत्रांची अशी निगा राखणारा अधिकारी आमच्या खात्यात दुसरा नाही. प्रोग्रामरबाई रजेवर आहे, आल्यावर तिला सांगायला हवं. (विसरू नये.)

२६ सप्टेंबर

तळ्याकडच्या यंत्राने कमाल केली. बाकी यंत्रांचे आकडे नुसते वरखाली उड्या मारतात. हे मात्र ठाम. शून्य म्हणजे शून्य. काल शहरात धो धो कोसळला तरी डगमगलं नाही. निगा राखल्याचं फळ.

२८ सप्टेंबर

व्याह्यांकडे चहाला. व्याही घड्याळं दुरुस्त करायचे, आता निवृत्त. घरात भिंती दिसत नाहीत, घड्याळंच दिसतात, आणि सगळी एकच वेळ दाखवतात. पाच वाजले तेव्हा मी बशी सांडली.

त्यांना ओपन डेटा समजावून सांगितला. शांतपणे ऐकून घेतला. मग विचारलं की एवढं सगळं बघून घरातून निघायचं कधी हे कळतं का. म्हटलं, अगदी मिनिटापर्यंत. ते म्हणाले, आपण तर बाबा तासभर आधी निघतो, स्टेशनरोडने, सरळ. विहीणबाई म्हणाल्या की लग्नानंतर एकदा आम्ही दोघं विमानतळावर आदल्या दिवशी पोचले होते.

जुन्या पिढीची मला कीव येते. व्याही माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असतील.

४ ऑक्टोबर

आढावा बैठक. युजरची यादी साहेबांनी मोठ्याने वाचली. मी. एक कॉलेजकुमार, जो चुकून आला होता. आणि आमच्याच इमारतीतलं कुणी तरी, ज्याला कँटीनचा मेनू हवा होता.

साहेब म्हणाले, खड्डे विभागात खुर्ची अजून रिकामीच आहे. मी म्हटलं, साहेब, मोठ्या गोष्टींना वेळ लागतो. साहेब म्हणाले, ऑक्टोबर संपेपर्यंत आहे.

बैठकीनंतर ती खुर्ची सहज बघून आलो. एक हात तुटलाय. शेजारी फोन, तो वाजत होता. कुणी उचलत नव्हतं.

संकल्प: खचायचं नाही. संध्याकाळी खचलो. हिने न विचारता कॉफी करून दिली.

९ ऑक्टोबर

आज नाचलो. खरोखर. फायलींच्या कपाटामागे, पण नाचलो.

एका नकाशावाल्या कंपनीचा ईमेल आलाय. त्यांचं ॲप शहरात जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. त्यांना आमची माहिती हवीय. सगळी. गाड्यांची आणि पावसाची. जिथे गाड्या कमी आणि पाऊस नाही, तो रस्ता ते लोकांना सर्वांत आधी सुचवणार.

प्रोग्रामरबाईला मिठाई दिली तर ती खाता खाता म्हणाली, "सर, सगळ्यांना एकच रस्ता मोकळा आहे म्हणून सांगितलं, तर तो मोकळा राहील का?"

नकारात्मक विचारसरणी. एवढ्या लहान वयात. मिठाई मात्र तिने दोनदा घेतली.

१२ ऑक्टोबर

करार झाला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबांचा हात जड आहे, पण आज हलका वाटला. केबिनचं माप पुन्हा घेतलं. पडदे निळे की राखाडी?

मुलगी संध्याकाळी म्हणाली, तिला माझ्याशी थोडं बोलायचंय, जाण्याआधी. म्हटलं, बोल की. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. नंतर ती झोपली होती.

१४ ऑक्टोबर

ठरलं. कंपनी आमची माहिती वापरायला १९ तारखेला सकाळी सुरुवात करणार. मुलीच्या लग्नाच्या दिवशी. एका दिवशी दोन मुली सासरी चालल्या म्हणायच्या. हे हिला सांगितलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. डोळे पाणावले असावेत, चष्म्यामुळे नीट दिसलं नाही.

१८ ऑक्टोबर

जेवणाच्या टेबलावर उद्याच्या प्रवासाची रंगीत तालीम घेतली. मिठाची बरणी म्हणजे आमचं घर. साखरेचा डबा म्हणजे नोंदणी कार्यालय. मधे दोन चमचे: एक स्टेशनरोड, एक तळ्याकडचा रस्ता.

ही म्हणाली, स्टेशनरोडने जाऊ, अर्धा तास आधी निघू. मुलगीही तेच म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, व्याह्यांसारखं निघू. लोकशाहीत बहुमत असं भावनेवर चालतं. मी म्हटलं, निर्णय उद्या सकाळी डेटा घेईल. डेटाला ना आई ना बाप.

मुलगी हसली आणि म्हणाली, "बाबा, फक्त तुम्ही वेळेवर या. बाकी काहीही चालेल." गंमतच आहे. एकाच गाडीतून तर जायचंय.

सासूबाईंना साखर हवी होती, त्यांनी नोंदणी कार्यालय उचलून नेलं. तालीम संपली.

१९ ऑक्टोबर, सकाळी

ऐतिहासिक दिवस. वही सोबत घेतोय.

बाहेर पाऊस आहे. सासूबाई गॅलरीतून म्हणतात, पाऊस नाही, बादली ओततंय कुणी तरी. पण गॅलरीतून फक्त आमची गल्ली दिसते. माझ्याकडे शहर आहे. स्टेशनरोड: गाड्याच गाड्या, पाऊस जोरात. तळ्याकडचा रस्ता: गाड्या शून्य, पाऊस शून्य. शून्य आणि शून्य. असा योग आयुष्यात एकदाच येतो.

ही गाडी चालवणार. खूप समजावलं. शेवटी म्हणाली, ठीक आहे, आज तुमच्या मनासारखं होऊ दे, मुलीच्या लग्नाच्या दिवशी भांडण नको. डेटाचा विजय.

व्याह्यांना फोन करून तळ्याकडून या म्हटलं. ते म्हणाले, आम्ही केव्हाच निघालोय, स्टेशनरोडने. बिचारे.

गाडीत

तळ्याकडे वळलो. पाऊस इथेही आहे. बराच आहे. पण फोनवर शून्य दाखवतंय, म्हणजे आपल्यापुरता ढग असावा.

गाड्याही आहेत. हळूहळू वाढताहेत.

गाडीत, थोड्या वेळाने

थांबलोय. पुढे गाड्या, मागे गाड्या. पुढून बातमी आली की रेल्वे पुलाखालच्या उतारावर कमरेएवढं पाणी आहे, कुणीच पलीकडे जाऊ शकत नाही. ही स्टिअरिंगवर बोटं वाजवतेय. मुलगी अबोली रंगाच्या साडीत मागे बसलीय, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. घड्याळ बघतेय.

शेजारच्या गाडीत डोकावलो. तो माणूस फोनवर नकाशा बघत होता. त्यात तळ्याकडचा रस्ता हिरवागार. खाली बारीक अक्षरात आमच्या खात्याचं नाव.

उतरून पुढची गाडी पाहिली. तीच कथा. त्याच्या पुढची. तीच.

हे सगळे माझे युजर आहेत.

रस्त्यावर, एका दुकानाच्या पत्र्याखाली

एवढी वर्षं नोकरी केली, युजर हा प्राणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. आज रांगच्या रांग. प्रत्येक काचेवर टकटक करतोय. आमचीच माहिती वापरता ना? काय वाटलं? काही सूचना? एक बाई म्हणाल्या, मुलाची परीक्षा बुडाली. लिहून घेतलं. एका गृहस्थांनी काच वरच घेतली, पण घेता घेता जे बोलले त्यातही सेवेचं नाव होतं. ब्रँड रुजतोय.

मधेच पिवळ्या रेनकोटातला एक पार्सलवाला स्कूटर घेऊन फुटपाथवरून आला. ही त्याच्याशी काही बोलली. मुलगी साडी आवरून त्याच्या मागे बसली. जाताना माझ्याकडे बघून मोठ्याने काही तरी म्हणाली. पावसात ऐकू आलं नाही. अंगठा वर करून दाखवला. तिला अभिमान वाटत असणार.

खांबाखाली

रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या देणारी बाई इथेच अडकलीय. तिला मी कोण ते सांगितलं. ती तीरासारखी गाडीतून उतरली. थेट प्रक्षेपण. माझं.

आम्ही आमच्याच खांबाखाली उभे राहिलो. वर निळं प्लास्टिक फडफडतंय, पण माझी गाठ सुटलेली नाही. यंत्रात एक थेंब जाईल तर शपथ.

बाईंनी विचारलं, आत्ता रस्त्याची परिस्थिती काय? फोन बघितला. पाऊस शून्य. आणि सेन्सर फक्त पुढे सरकणाऱ्या गाड्या मोजतो, इथे कुणी सरकतच नाही, त्यामुळे गाड्याही शून्य. अधिकाऱ्याने मनाचं सांगू नये, अधिकृत आकडे सांगावेत. मी म्हणालो, "तळ्याकडचा रस्ता पूर्ण मोकळा आहे. नागरिकांनी लाभ घ्यावा."

मुलाखत चालू असतानाच पोलिसांनी लाकडाच्या वखारीचं फाटक उघडलं. तिच्या आवारातून गाड्या पलीकडच्या मोठ्या रस्त्याला निघू लागल्या. हिची गाडी पहिल्या काहींत होती. हिने हॉर्न दिला. सासूबाईंनी काच खाली करून हात केला. हिने पुन्हा हॉर्न दिला, लांब. मी बोट दाखवलं: एक मिनिट. बाई नेमकं विचारत होत्या की ही कल्पना मुळात सुचली कशी. असा प्रश्न अर्धवट कसा सोडणार? इतकी वर्षं कुणी विचारला नव्हता.

मी लहानपणापासून सुरुवात केली.

१९ ऑक्टोबर, रात्री

नोंदणी कार्यालयात पोचलो तेव्हा शिपाई कुलूप लावत होता. म्हणाला, लग्न छान झालं, सगळे जेवायला गेले.

हॉटेलात गेलो. सगळे फार चांगले वागले. माझं ताट झाकून ठेवलं होतं. मुलगी उठून आली आणि तिने रुमालाने माझं डोकं पुसलं. व्याही स्टेशनरोडने आले, रस्ता रिकामा होता म्हणाले. साहजिक आहे. सगळ्या गाड्या मी तळ्याकडे वळवल्या होत्या. म्हणजे ते वेळेवर पोचले ते माझ्यामुळेच. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला पापड दिला.

माझ्या जागी सही त्या पार्सलवाल्याने केली. साक्षीदार कुणीही सज्ञान माणूस चालतो. कायदेशीर अडचण काही नाही.

मुलाखतीचा मुद्दा जेवताना काढला नाही. योग्य वेळी काढीन.

२० ऑक्टोबर

साहेबांचा फोन, रविवार असून. कालचा युजरचा आकडा ऐकून मंत्र्यांच्या ऑफिसातून विचारणा झाली. तक्रारीही आल्यात, पण साहेब म्हणाले, ज्या गोष्टीबद्दल एवढ्या तक्रारी येतात ती लोक वापरतात हे सिद्ध झालं. सेवा कायम. केबिन मंजूर. निळं प्लास्टिक मात्र प्रोग्रामरबाईने स्वतः शिडीवर चढून काढलं म्हणे. काल सुट्टी असून. पावसात.

बातमी सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ही आणि मुलगी बॅग भरत होत्या, म्हणजे मुलगी भरत होती आणि ही बाहेर काढत होती. सेवा कायम झाली म्हटलं. मुलगी म्हणाली, "अरे वा, बाबा." ही म्हणाली, बरं झालं. मग दोघी परत बॅगेकडे वळल्या.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, पगार वाढेल का. नाही म्हटलं.

कालचा फोटो हिने फ्रिजवर लावलाय. मुलगी, जावई, विहीणबाई, व्याही (घड्याळ बघताहेत), ही, सासूबाई. आणि मुलीच्या शेजारी पिवळा रेनकोट, हातात हेल्मेट, तोंडभर हसतोय. चांगला माणूस दिसतो. त्याची पार्सलं थंड झाली असतील.

मुलीला विचारलं की स्कूटरवरून जाताना काय म्हणाली होतीस. ती म्हणाली, "काही नाही, बाबा. असंच." मग तिला काय बोलायचं होतं त्या दिवशी, तेही विचारलं. ती म्हणाली, ते झालं आता.

२१ ऑक्टोबर

सकाळी विमानतळावर सोडून आलो. कोणत्या रस्त्याने जायचं ते हिने ठरवलं. मी फोन खिशातून काढला नाही. मुलगी आत जाताना दोनदा वळली. दुसऱ्यांदा मी हात हलवेपर्यंत ती काचेच्या पलीकडे गेली होती.

येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं म्हणून मीच मुलाखतीचा विषय काढला. म्हटलं, कुणी ऐकली का कोण जाणे.

हिने गिअर बदलला. सासूबाई मागून म्हणाल्या, "आम्ही ऐकली."

मग त्यांनी सांगितलं. कार्यालयात क्लार्कच्या टेबलावर छोटा रेडिओ चालू होता. सह्यांची वेळ आली तेव्हा नोंदणी करणाऱ्या बाईंनी विचारलं, मुलीचे वडील कुठे आहेत? मुलगी म्हणाली, ट्रॅफिकमध्ये अडकलेत, त्यांचा काही इलाज नाही. आणि त्याच वेळी रेडिओवर मी बोलत होतो. लहानपणी मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या कशा मोजायचो, ते सांगत होतो. सगळ्यांनी आवाज ओळखला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सासूबाई उठल्या आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

सिग्नल लागला होता. हिने गाडी न्यूट्रलला टाकली आणि माझ्या बाजूची काच थोडी खाली केली. वाऱ्याने बरं वाटलं.

दुपारी नव्या केबिनमध्ये बसलो. खिडकीतून पार्किंग दिसतं. युजर खूप आहेत. आकडा एकदाच बघितला.

आमच्या खात्याचा नियम आहे: चुकीची माहिती बाहेर गेली तर ताबडतोब दुरुस्ती काढायची, आणि जिथे जिथे गेली तिथे कळवायचं. मुलीने चुकीची माहिती दिली. वखारीचं फाटक तेव्हा उघडं होतं, आणि हिने दोनदा हॉर्न दिला होता.

दुरुस्ती काढलेली नाही.